वाळल्यामुळे घट

१

मंगळवार, ६ फेब्रुवारी. पहाटे धुकं होतं, नऊनंतर लख्ख ऊन पडलं. हवा कोरडी, वारा नाही.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ताईंनी मुद्देमाल खोलीची दोन्ही कुलपं उघडली. वरचं आधी, खालचं नंतर. एकोणीस वर्षांत हा क्रम एकदाही उलटा झाला नव्हता, आणि ही गोष्ट त्या विचारल्याशिवाय कुणाला सांगत नसत. पण कुणी विचारावं, असं त्यांना वाटायचं खरं.

खोली पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला होती. लांबट, अरुंद, एकच खिडकी आणि तिलाही जाळी. दोन्ही बाजूंना छताला टेकलेले लोखंडी रॅक, आणि रॅकवर गुन्ह्यांत जप्त केलेली, पुरावा म्हणून जपायची प्रत्येक चीज. चाकू, मोबाइल, डागाळलेले कपडे, बनावट शिक्के, सायकलचं एक वाकडं चाक, आणि पांढऱ्या कापडात शिवून लाखेनं सील केलेली गाठोडी. एकूण नग चार हजार एकशे बारा. हा आकडा विचारला की ताई थांबायच्या नाहीत, आठवायच्या नाहीत. लोक आपल्या लेकरांची वयं सांगतात तसा सांगायच्या.

ठाण्यात सगळे त्यांना काटाताई म्हणत. कारण दिवसाचं पहिलं काम वजनकाट्याचं. लाकडी पेटीतून एक किलोचं पितळी वजन काढायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, रजिस्टरात लिहायचा. एक हजार ग्रॅम. मग पुढचं काम.

आज काट्यानं नऊशे शहाण्णव दाखवले.

ताईंनी वजन उचललं, ताटलीवर फुंकर मारली, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. नऊशे शहाण्णव. गेल्या महिन्यात दोनदा नऊशे नव्व्याण्णव आलं होतं, तेव्हा त्यांनी काट्याला दोष दिला होता. आता मात्र त्यांनी वजनमाप निरीक्षकांना फोन लावला.

निरीक्षक दुपारी आले. चष्मेवाले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्वतःची वजनं मखमलीच्या पेटीतून एकेक काढून ठेवली. त्यांचा किलो बरोबर एक हजार भरला.

"तुमचा काटा ठणठणीत आहे, ताई. हलकं झालंय ते तुमचं वजन."

"झिजलं असेल."

"रोज एकदा उचलून ठेवल्यानं? चार ग्रॅम झिजायला कानशीनं घासावं लागेल." त्यांनी पितळी किलो खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिला. "कडा नव्यासारख्या. शिक्कासुद्धा बुजलेला नाही. मी तीस वर्षं हेच बघतोय, पण असं पाहिलं नाही." मग ते हसले. "कपडा असता तर म्हटलं असतं वाळला. पितळ थोडंच वाळतं?"

ताई हसल्या नाहीत. 'वाळल्यामुळे घट' हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात स्वतःच्या सहीइतक्या वेळा लिहिले असतील.

२

त्याचं असं होतं. वजनी माल दरवर्षी पुन्हा तोलायचा हा ताईंचा स्वतःचा शिरस्ता. नियमात नव्हता. ओला आलेला कपडा वाळतो, पाला सुकतो, दोर हलका होतो. कुठे दोन ग्रॅम, कुठे नऊ. ताई ते इमानानं लिहायच्या आणि समोर कारण टाकायच्या. दुसऱ्या ठाण्यांत कोर्टानं मागितलेला चाकू सापडत नाही म्हणून खटले कोसळायचे. ताईंच्या खोलीतून कोर्टानं मागितलेली वस्तू चार मिनिटांत निघायची, चिठ्ठीसकट. त्यासाठी त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. आणि आता त्याहून मोठं मिळणार होतं. पहिल्या मार्चपासून त्यांची नेमणूक प्रशिक्षण केंद्रात झाली होती. नवीन भरतीला मुद्देमाल कसा सांभाळायचा ते त्या शिकवणार होत्या, आणि नमुना म्हणून वर्गात ठेवायचं होतं त्यांचंच रजिस्टर. शाळेचं तोंड दहावीपर्यंतच पाहिलेल्या बाईचं हस्ताक्षर वर्गात फळ्याशेजारी!

त्याआधी अठ्ठावीस तारखेला चार्ज द्यायचा होता. घेणार होते वाहतूक शाखेतले एक हवालदार. सव्वीस वर्षं चौकात उभं राहून त्यांचा आवाज मोठा झाला होता आणि पोटही. त्यांना सगळे शिट्टी म्हणत.

"ताई, माझ्या चौकातून दिवसाला दहा हजार गाड्या जायच्या. एकीलाही मी चिठ्ठी बांधली नाही," पहिल्याच दिवशी शिट्टी म्हणाले. "आणि तुम्ही टाचण्या मोजता?"

"सात आहेत. मोजा."

"सहाच आहेत बुवा."

"सातवी तुमच्या बाहीला अडकलीय."

शिट्टींनी बाही बघितली आणि कानाला हात लावले. त्यानंतर ते निमूट मोजू लागले. रोज दहा ते पाच, रॅकमागून रॅक. ताई नंबर वाचायच्या, शिट्टी नग हातात घेऊन "आहे" म्हणायचे.

"एक बरं," तिसऱ्या दिवशी काट्याकडे बघत ते म्हणाले, "हा काटा दहाच किलोचा आहे. नाहीतर तुम्ही मलाही तोललं असतं."

"तुम्ही मुद्देमाल नाही."

"आमच्या घरी विचारा. बायको म्हणते, जप्त करून कोपऱ्यात ठेवावा असाच माल आहे." ते स्वतःच खदखदून हसले. "डॉक्टर म्हणतात, पंधरा किलो उतरवा. या खोलीत बसून उतरतील का हो? तुम्ही बघा, किती सडसडीत झालात. दहा-बारा वर्षांपूर्वी पाहिलं तेव्हा चांगल्या अंगानं भरलेल्या होतात."

ताईंना ते कौतुक वाटलं. त्यांनी पुढचा नंबर वाचला. दोनशे सतरा.

शिट्टींनी खालच्या फळीवरचं गाठोडं एका हातानं ओढलं, थांबले आणि दुसरा हातही लावला.

"आयला. यात धोंडा घातलाय काय? रजिस्टरात वजन किती?"

"दोन किलो एकशे चाळीस."

"हे दोन किलो?"

"वाकून उचललंत म्हणून जड लागतं," ताई म्हणाल्या. "राहू द्या. ते मी तोलते."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पेन मात्र त्यांनी खाली ठेवलं.

३

डब्याच्या सुट्टीत शिट्टी बाहेर गेल्यावर ताईंनी दार ओढून घेतलं आणि दोनशे सतरा काट्यावर ठेवलं.

गाठोडं अकरा वर्षांपूर्वी आलं होतं. भाड्याच्या एका खोलीत फक्त एक कोट सापडला, भाडेकरू सापडला नाही, तपास पुढे सरकला नाही, प्रकरण मिटलं. पंचनाम्यात एकच ओळ होती: 'ओव्हरकोट एक, तपकिरी. खिसे रिकामे.' ताईंनीच तो घडी घालून कापडात शिवला होता, सुतळी बांधून चार सीलं उमटवली होती. सगळं मिळून दोन किलो एकशे चाळीस.

पुढच्या वर्षी तो दोन किलो पाचशे वीस भरला.

सीलं शाबूत, चिठ्ठी शाबूत, आणि वजन वाढलेलं. घट समजावता येते. वाढीला कारणाचा रकानाच नव्हता. तशी नोंद केली असती तर साहेबांनी विचारलं असतं: काटा चुकला, की सील फोडून कुणी आत काही ठेवलं? किल्ली तर एकाच माणसाकडे. प्रशस्तिपत्राची यादी त्याच आठवड्यात निघायची होती. ताईंनी दमट हवेला बोल लावला आणि रजिस्टरात गेल्या वर्षीचाच आकडा उतरवला. त्या एका ओळीत, एकदाच. मग दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाशी जुळावं म्हणून. मग तिसऱ्या वर्षी. खरे आकडे त्यांनी घरच्या डायरीत लिहिले, कारण आकडा कुठेच न लिहिणं त्यांच्या हातून झालंच नसतं.

आज काटा म्हणत होता: नऊ किलो चारशे साठ.

वाढ सात किलो तीनशे वीस. ताईंनी डायरी उघडली. त्यांना काय सुचलं ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं, पण डोक्यात दोन दिवस ते पितळ घोळत होतं. अकरा वर्षांत खोलीतल्या बाकी सगळ्या वजनी मालात जी जी घट झाली होती, ती त्यांनी ओळीनं मांडली. बेरीज दोनदा केली. एक किलो दोनशे सोळा ग्रॅम. त्यात पितळाचे चार. एक किलो दोनशे वीस.

जुळत नव्हतं. आणि गंमत म्हणजे, ताईंना बरं वाटलं नाही. वेड्यासारखी कल्पना खोटी ठरली म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्या तिथे बसून विचार करत राहिल्या, की उरलेले सहा किलो शंभर ग्रॅम कुणाचे.

४

ताईंचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. माणूस अबोल, पण कैची हातात असली की बोलायचा.

"अगं, उभी राहा सरळ. चार्जच्या दिवशी साहेब, कोर्टाची माणसं, सगळे असतील. वर्दी अंगावर बसली पाहिजे."

"बसलीय की."

"बसली नाही, लोंबतेय. यंदा पुन्हा अर्धा इंच आत घ्यावी लागणार." त्यांनी तोंडातली टाचणी काढून कापडात खुपसली. "दरवर्षीचा अर्धा इंच ठरलेला. मी म्हटलं ना डॉक्टरला दाखव?"

"दाखवलं. खात्याची तपासणी दरवर्षी होते. काही निघालं नाही."

"हे बघ, तुला खोटं वाटेल." त्यांनी वर्दीची बाजू उलटी करून दिव्याखाली धरली. आतल्या कापडावर सुईच्या भोकांच्या बारीक ओळी होत्या, एकीशेजारी एक, बाहेरून आत सरकत गेलेल्या. "जुनी शिवण उसवली की भोकं राहतात. कापड विसरत नाही. मोज."

ताईंनी मोजल्या. अकरा.

"कधीपासून हे?"

"तूच सांग. तू दोन वर्षांच्या वर एक वर्दी वापरत नव्हतीस. ही मात्र अकरा वर्षं सोडली नाहीस. लकी आहे म्हणालीस. प्रशस्तिपत्र हिच्यात घेतलं ना."

ताई उठल्या, कपाटातली खात्याच्या तपासणीची कार्डं काढली. त्या कधी काही फेकत नसत. अकरा वर्षांपूर्वी: बासष्ट किलो चारशे. गेल्या महिन्यात: छप्पन्न किलो तीनशे.

वजाबाकी त्यांनी बोटानं हवेतच केली.

सहा किलो शंभर.

पहिला जो क्षण होता, त्याची ताईंना नंतर लाज वाटली. पण खोटं कशाला सांगा? पहिला क्षण आनंदाचा होता. जुळलं! ग्रॅमला ग्रॅम जुळलं. एकोणीस वर्षांत माझ्या खोलीतून काही गेलेलं नाही. फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलंय.

मग त्यांनी दोन्ही कार्डं पालथी घातली.

"काय गं?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही. घ्या आत अर्धा इंच."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिट्टी यायच्या आत, ताईंनी गाठोडं खिडकीखाली आणलं. ऊन थेट त्याच्यावर पडलं. त्यांनी स्वतःला बजावलं की आपण फक्त शिवण बघतोय.

चार सीलं जागच्या जागी होती. लाखेवर त्यांच्याच मोहरेचा ठसा. सुतळीला ढिलेपणा नाही. बाजूची शिवण त्यांच्याच टाक्यांची. हा टाका त्यांना यजमानांनी शिकवला होता, आडवा, घट्ट, तांदळाएवढा.

शिवणीच्या आतल्या बाजूला, कापड जिथे दुमडून शिलकीत ठेवलं होतं, तिथे भोकांच्या ओळी होत्या. वर्दीवर होत्या तशाच. फक्त दिशा उलटी. वर्दी दरवर्षी आत घेतलेली. हे दरवर्षी सैल केलेलं.

ताईंनी मोजल्या नाहीत. मोजायची त्यांना गरज नव्हती.

त्या शेवटच्या टाक्यापर्यंत बोट नेत गेल्या. शिवण संपते तिथे गाठ असते. ताई तीन वेढ्यांची गाठ मारायच्या, ती कोपऱ्यात मण्यासारखी हाताला लागायची. त्यांच्या चार हजार नगांत अशी गाठ नसलेलं गाठोडं नव्हतं. त्यांनी कोपरा चाचपला. कोपरा सपाट होता. शेवटचा टाका कापडात शिरला होता आणि पुन्हा बाहेर आला नव्हता. त्यांनी अंगठा दाबला तेव्हा तो मणी लागला. पलीकडून.

शिवणारा माणूस ज्या बाजूला बसतो, गाठ त्या बाजूला येते. हे त्यांना यजमानांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

दाराबाहेर शिट्टींचा आवाज आला. "ताई, चहा आणलाय! बिनसाखरेचा माझा, बरं का. आजपासून मी पथ्यावर."

ताईंनी हात काढून घेतला. आणि हात काढता काढता त्यांनी पाहिलं, उन्हात, अगदी स्वच्छ, की तो शेवटचा टाका, जो किंचित सैल होता, हळूच आत ओढला गेला. एकदाच. काम संपल्यावर शिंपी दोरा ओढून बसवतो, तितकाच.

"काय झालं?" शिट्टी दोन पेले घेऊन दारात उभे होते. "पांढऱ्या पडलात."

"उन्हात बसले होते." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. घामेजलेला चेहरा, पट्ट्यावरून उतरलेलं पोट, नव्या कामाचा उत्साह. "हवालदार, खरं वजन किती तुमचं?"

"आता पथ्यावर म्हटल्यावर विचारता होय? एक्क्याण्णव." ते हसले. "काळजी करू नका, वर्षभरात बघा मला. तुमच्या खुर्चीत मावेन असा होतो की नाही!"

ताईंनी चहा तसाच ठेवला.

६

पुढचे दोन आठवडे ताईंनी स्वतःशी वाद घातला, आणि तो वाद भुताखेताचा नव्हता. त्यांना हे नीट कळत होतं की रजिस्टरात दोन किलो एकशे चाळीस लिहिलेलं आहे, शिट्टी न तोलता सही करतील, आणि त्या पहिल्या मार्चला वर्गात उभ्या असतील, फळ्याशेजारी आपलं रजिस्टर. खरं लिहिलं तर एका ओळीतल्या अकरा खोट्या नोंदी, अकरा सह्या. तो वर्ग गेलाच. आणि गेल्यावर सांगणार तरी काय, की कोट जड होतोय?

पण त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट कमावली होती. त्यांनी लिहिलेला आकडा खरा असतो. आणि ती कमाई एका ओळीपुरती त्यांनी स्वतःच मोडली होती. शिट्टींनी ज्या कागदावर भरवशानं सही करायची, तो कागद त्यांचा होता.

तेवीस तारखेला त्या साहेबांसमोर रजिस्टर आणि डायरी दोन्ही घेऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी दोन्ही वाचलं. बराच वेळ लागला. "काटाताई," ते शेवटी म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं."

"मला कळलं असतं, साहेब."

"नेमणूक जाईल."

"हो. एवढंच करा. कोर्टाची परवानगी घ्या आणि ते गाठोडं पंचांसमोर उघडा. त्याआधी मी खोली कुणाच्या हवाली करणार नाही."

"वाढीचं कारण काय वाटतं तुम्हाला?"

ताईंनी थोडा विचार केला. "जे मला माहीत नाही ते मी लिहिलेलं नाही, साहेब. एवढ्या एका बाबतीत तरी."

७

बुधवार, २८ फेब्रुवारी. सकाळी अकरा. स्वच्छ ऊन, हवा कोरडी. हजर: साहेब, दोन पंच, वजनमाप निरीक्षक, शिट्टी आणि ताई. ताईंची वर्दी नव्या शिवणीची, अंगावर चोख बसलेली. दार बंद, खिडकीला जाळी.

निरीक्षकांनी स्वतःच्या वजनांनी काटा तपासला. बरोबर होता. सीलबंद गाठोडं ताईंनी दोन हातांनी उचलून काट्यावर ठेवलं. नऊ किलो चारशे साठ. सहाही जणांनी आकडा पाहिला. एक पंच म्हणाला, "कोटाच्या मानानं बरंच आहे."

चारही सीलं शाबूत असल्याचं लिहून झालं. गाठोडं टेबलावर घेतलं. सुतळी कापली. शिवण उसवायचं काम ताईंनी कुणाला दिलं नाही. त्यांनी पहिल्या टाक्यापासून सुरुवात केली आणि शेवटच्या टाक्यापर्यंत आल्या. तो त्यांनी कापला तेव्हा कापड आपोआप दोन्हीकडे पडलं. शिट्टींनी मागे सरकून भिंतीला पाठ लावली. का, ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. ते म्हणाले, कुणाला तरी जायला जागा दिली असं वाटलं.

पंचनामा पुढीलप्रमाणे. ओव्हरकोट एक, तपकिरी. बटणं पाच, पाचही उघडी. खिसे रिकामे. कोट, कापड, सुतळी, लाख, दोरा, सगळं मिळून वजन दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम. पुन्हा तोलून तेवढंच. खोलीतले बाकी सर्व नग मोजले: चार हजार एकशे बारा, बरोबर. वजनी माल तोलला. कशातच वाढ नाही.

रजिस्टरात ताईंनी स्वतःच्या अक्षरात नोंद केली. 'नग क्र. २१७. घट: ७ किलो ३२० ग्रॅम. कारण: माहीत नाही.'

घटीचा उलगडा होईपर्यंत चार्ज देता येत नाही, असा नियम आहे. साहेबांनी तसा शेरा मारला. शिट्टी वाहतूक शाखेत परत गेले. ताईंची प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक रद्द झाली, प्रशस्तिपत्र परत मागवलं गेलं, आणि मुद्देमाल खोली त्यांच्याकडेच ठेवण्यात आली.

गुरुवार, १ मार्च. सकाळी थोडं धुकं. ताईंनी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी खोली उघडली. काटा शून्यावर. पितळी वजन: ९४१ ग्रॅम.